संगणकाची भाषा शिकताना पुस्तक कोणते धरावे?

जून महिना लागला, निकाल हाती आले आणि पहिल्या पावसाबरोबर कॉलेजात नवी मुले दिसू लागली की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, पायथॉन शिकायचं आहे, लिनक्सही शिकायचं आहे. पुस्तक कोणतं घेऊ?" प्रश्न साधा दिसतो. पण विचारणारा मुलगा लांज्याहून किंवा संगमेश्वराकडच्या एखाद्या वाडीतून आलेला असतो. घरात संगणक शिकलेले दुसरे कोणी नसते आणि फी भरून झाल्यावर पुस्तकासाठी उरलेले पैसे मोजके असतात. भलते पुस्तक हाती पडले तर पैसे जातात हे खरेच. पण त्याहून वाईट असे की, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सारे करूनही यंत्र ऐकत नाही असे दोनचारदा घडले म्हणजे तो मुलगा दोष स्वतःकडे घेतो. "हे आपल्याला जमण्यातलं नाही" म्हणतो आणि सोडून देतो. अशी सोडून दिलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. पुस्तक एका यंत्रासाठी लिहिलेले होते आणि त्यांच्यापुढे यंत्र दुसरेच होते, एवढेच.

पूर्वीची अडचण टंचाईची होती. आपल्या रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे. इतके जुने ग्रंथालय असलेल्या गावाला पुस्तकाची किंमत निराळी सांगायला नको. पण नव्या विषयावर गावात एकच पुस्तक असायचे आणि ते ज्याच्या हाती लागले त्याने ते वाचायचे, निवडीचा प्रश्नच नसे. आता खिशातल्या फोनवर एका विषयाचे शेकडो धडे येऊन पडतात, सगळे चकचकीत, आणि प्रत्येकजण सांगतो की माझाच धडा पहिला पाहा. बाजारात आंब्याच्या पेट्या दिसल्या म्हणजे आपण झाकण उघडून, वास घेऊन, देठ पाहून पेटी घेतो. धडा घेताना देठ कोणता पाहायचा, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आधी दोन शब्दांची फोड करू. लिनक्स ही संचालन प्रणाली, आणि पायथॉन किंवा सी ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा. घरातल्या स्वयंपाकाकडे पाहा. चूल कुठे, पाणी कुठे, भांडी कोणत्या फळीवर, ही झाली घराची व्यवस्था, म्हणजे प्रणाली. आमटी कशी करायची हे ज्या शब्दांत लिहून ठेवायचे ती भाषा. आमटीची कृती तीच असली तरी सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी डबा सापडत नाही. आणि कृतीत "उजवीकडच्या फळीवरचा डबा घ्या" असे लिहिलेले असेल तर मग विचारूच नका.

नेमके हेच सी भाषेच्या बाबतीत आपल्याकडे झाले. १९८७ साली बोर्लंड कंपनीने टर्बो सी हे साधन बाजारात आणले. निळा पडदा, त्यावर पांढरी-पिवळी अक्षरे. पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून सी भाषा म्हणजे तो निळा पडदा असेच समीकरण होते. गंमत अशी की, त्याच १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सी भाषेचा आपला मुक्त अनुवादक प्रसिद्ध केला. आज लिनक्सवर सी शिकणारा सहसा तोच वापरतो. टर्बो सी मात्र डॉस या जुन्या प्रणालीसाठी बांधलेले. हल्लीच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ते सरळ चालतसुद्धा नाही, डॉसचे सोंग आणणारे निराळे साधन खाली घालावे लागते. तरी जुन्या वह्यांतून आणि त्या वह्यांवरून केलेल्या नव्या धड्यांतून पडदा पुसण्याची 'सीएलआर-एससीआर' ही आज्ञा आणि 'कॉनियो' नावाची फाइल अजून चालत आलेली आहे. लिनक्सवर ती फाइल मागितली की, अशी फाइलच नाही, असे रोखठोक उत्तर येते. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक हजारो मराठी मुलांनी वापरले आहे आणि मला ते आवडते. पण त्याची फार जुनी आवृत्ती कोणी दादाने दिली असेल तर ती टर्बो सी समोर धरून लिहिलेली आहे हे ध्यानात ठेवूनच वाचावी.

पायथॉनचीही तीच कथा. ही भाषा खीदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. २००८ च्या अखेरीस तिची तिसरी आवृत्ती आली, आणि ती दुसरीशी मुद्दामच पूर्ण जुळती ठेवली नव्हती. दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे बंद झाली. फरक कुठे कळतो म्हणाल, तर अगदी पहिल्या ओळीला. जुन्या पुस्तकात 'प्रिंट' या शब्दापुढे कंस नाही. तिसऱ्या आवृत्तीला कंस लागतोच. तेव्हा रद्दीच्या भावात मिळालेले पायथॉनचे जाडजूड पुस्तक घेण्याआधी पहिली दहा पाने चाळा. प्रिंटपुढे कंस दिसला नाही, की ते परत ठेवून द्या. देठ पाहायचा म्हणतो तो हा. पुस्तक असो की चित्रफीत, ती कोणत्या प्रणालीवर, कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या साली केली हे तीन प्रश्न आधी विचारावेत. जो धडा याची उत्तरे देत नाही, तो कितीही गोड बोलत असला तरी बाजूला ठेवावा. पैसे घेऊन शिकवणाऱ्या क्लासलाही हेच विचारायला संकोच नको. प्रमाणपत्राचा कागद कसा आहे हे विचारणारे पालक भेटतात, आवृत्ती विचारणारे क्वचित.

आता एक पुस्तक असे आहे की ज्याची आवृत्ती तुमच्या यंत्राशी सहसा जुळतेच, कारण ते यंत्राच्या पोटातच असते. लिनक्सची काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडा आणि एम-ए-एन ही तीन अक्षरे, त्यापुढे ज्या आज्ञेची माहिती हवी तिचे नाव, एवढे टंकित करा. त्या आज्ञेचे पान समोर येते. 'मॅन' हे मॅन्युअलचे लघुरूप. ही चाल युनिक्सची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून ती प्रणाली घडवली, आणि तिची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. त्या पुस्तिकेतल्या पानांवर 'बग्ज', म्हणजे दोष, असा एक मथळा असे. आमच्या कामात अमुक उणीव राहिली आहे, हे करणाऱ्यानेच लिहून ठेवायचे. ही चाल आजही पुष्कळ पानांवर टिकून आहे. आपल्याकडच्या किती पाठ्यपुस्तकांत असा मथळा सापडेल?

या पानांत एक खाचखळगा आहे, तो आधीच सांगतो. पुस्तिकेचे विभाग आहेत. पहिल्यात साध्या आज्ञा, दुसऱ्यात प्रणालीच्या गाभ्याला करायच्या मागण्या, तिसऱ्यात सी भाषेच्या कामाची फलने, आणि असेच पुढे. सी शिकणारा मुलगा 'मॅन प्रिंटएफ' असे मागतो, आणि त्याच्यापुढे पहिल्या विभागातली त्याच नावाची भलतीच आज्ञा येते. त्याने मधे तीनचा आकडा घालावा, मग सी भाषेचे पान येईल. सी ची साधने बसवताना ही पाने सोबत घेतलेली असावीत म्हणजे झाले. आणि आज्ञेचे नावच ठाऊक नसेल तर? मॅनपुढे एक आडवी रेघ व के हे अक्षर देऊन विषयाचा इंग्रजी शब्द द्या. त्या विषयाशी लागणाऱ्या पानांची यादी मिळते. पायथॉनमध्येही 'हेल्प' असे लिहून कंसात नाव दिले की हाच लाभ होतो. शिवाय पायथॉन घडवणाऱ्यांनीच लिहिलेला प्राथमिक पाठ फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतला की कायमचा आपला.

उतरवून घ्या, हे मी आग्रहाने का म्हणतो ते कोकणातल्या माणसाला कळेल. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की वीज गेली, वीज गेली की टॉवर गेला. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडाकडे कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती, आणि त्याच साली टाळेबंदीत आमच्या मुलांनी डोंगरावर चढून, फोन उंच धरून तास ऐकले. ज्याचे सारे शिक्षण पलीकडून येणाऱ्या चित्रावर अवलंबून, त्याचा अभ्यास अशा वेळी बंद पडतो. यंत्रातले पान मात्र बॅटरी असेपर्यंत उघडते.

"पण सर, ते इंग्रजीत आहे ना!" ही तक्रार खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. मराठीतून आधार हवा असेल तर मुंबईच्या आय. आय. टी. तील स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प पाहावा. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या साहाय्याने तो उभा राहिला. दहाएक मिनिटांचे छोटे बोलके धडे. लिनक्सचे आहेत, सी चे आहेत, आणि ते मराठी आवाजातही ऐकता येतात. धडे उतरवून ठेवता येतात, किंमत काही नाही. त्यांची जी गोष्ट मला विशेष पटते ती अशी की, हा धडा अमुक प्रणालीच्या अमुक आवृत्तीवर केला आहे, हे निवेदक बहुधा आरंभीच सांगतो. काही धडे आता जुने झाले आहेत. पण जुने आहेत हे त्या वाक्यावरूनच कळते, फसगत होत नाही. मात्र ते सिनेमासारखे पाहू नयेत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपली खिडकी. दोन वाक्ये ऐकावीत, थांबवावे, करून पाहावे. दहा मिनिटांच्या धड्याला तास लागला तर तो नीट झाला असे समजा.

इंग्रजीचे म्हणाल तर या पानांतली इंग्रजी शेक्सपिअरची नव्हे. तेच तेच शब्द फिरून येतात. एक वही करा, अडलेला शब्द आणि त्याचा मराठी अर्थ लिहा. वही अर्धी भरायच्या आत पाने सरळ वाचता येऊ लागतात. यंत्राने दिलेला दोषाचा संदेशही याच वहीत अक्षर न् अक्षर उतरवावा. "सर, एरर येते" एवढ्यावर मी, किंवा मोठा पंडितही, काही सांगू शकत नाही. "सर, सातव्या ओळीला हे शब्द येतात" म्हटले की निम्मे उत्तर तिथेच मिळते.

शेवटी एक प्रयोग सांगतो. लिनक्सचा गाभा हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली जाहीर केला. पायथॉनही १९९१ चे. आणि जगातल्या लिप्यांना एकत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती, जिच्यात आपली देवनागरी होती, तीही १९९१ चीच. या तिघांची गाठ घालून पाहा. पायथॉनची तिसरी आवृत्ती उघडा आणि 'लेन' या फलनाला, अवतरणचिन्हांत घालून, रत्नागिरी हा शब्द द्या. आपण शाळेत या शब्दाची अक्षरे चार मोजली: र, त्ना, गि, री. पायथॉन नऊ म्हणेल. कोणते खरे? आता फोनवर शोधू नका. हेल्प लिहून कंसात लेन द्या. एक ओळ येईल. तिचा भावार्थ असा की, दिलेल्या संग्रहात नग किती ते हे फलन सांगते. अक्षरे किती, असे तिथे म्हटलेलेच नाही. आता नग मोजा: र, त, पाय मोडण्याची खूण, न, काना, ग, ऱ्हस्व वेलांटी, पुन्हा र, दीर्घ वेलांटी. भरले नऊ. चिपळूणचे किती होतात ते आधी वहीत मोजा आणि मग यंत्राला विचारा.