पाच तारखेचं भाडं पंचवीसला : घरमालक आणि भाडेकरू, दोघांनी काय करावं?

बुलढाण्यात चिखली रस्त्याकडच्या वस्तीतले एक काका मध्यंतरी आमच्याकडे आले होते. आयुष्यभर शिपायाची नोकरी केली, निवृत्तीच्या पैशातून घरामागे दोन खोल्या काढल्या. एका खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी दोन मुलं राहतात, दुसरीत एक कुटुंब. काका म्हणाले, "बुडवत कोणीच नाही. पण पाच तारखेचं भाडं पंचवीसला येते. दर महिन्याला मागायला जायचं तर मलेच लाज वाटते."

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती, पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढलं गेलं, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. जात विचारून खोली नाकारली जाण्याचे अनुभव आपल्या मुलांना आजही येतात. पण आता आपल्यातलेही अनेक जण घरमालक झाले आहेत, आणि त्यांचे भाडेकरू बहुतेक आपलेच असतात. त्यामुळे हा विषय आम्ही दोन्ही बाजूंनी मांडतो आहोत.

पहिली गोष्ट म्हणजे भाडं न देणारा आणि भाडं नेहमी उशिरा देणारा यांत कायद्याने मोठा फरक पडतो. विदर्भात तर या फरकाला इतिहास आहे. बुलढाणा जिल्हा वऱ्हाडातला. इथे मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा नव्हता, तर मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा. त्यात घरमालकाला भाडेकरार संपवण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. परवानगी मिळण्याच्या कारणांत तीन महिन्यांची थकबाकी होतीच, शिवाय 'भाडेकरू सवयीने थकबाकीत राहतो' हे वेगळं कारणही होतं. म्हणजे काकांच्या तक्रारीला त्या आदेशात स्वतःची जागा होती.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि जुना आदेश गेला. नव्या कायद्यात ते सवयीचं कारण नाही. कलम १५ म्हणतं की भाडेकरू भाडं देत असेल किंवा द्यायला तयार असेल, तोवर त्याला काढता येत नाही. थकबाकी असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. ती बजावल्यावर ९० दिवस थांबायचं. तरी पैसे आले नाहीत तरच दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही भाडेकरूला पुन्हा ९० दिवस असतात. त्या मुदतीत त्याने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, आणि पुढेही नियमित भरत राहिला, तर ताबा मिळत नाही. पंचवीस तारखेला का होईना पैसे देणारा माणूस या दारातून बाहेर निघतच नाही. जुन्या पिढीचे लोक "वकिलाची एक नोटीस दिली की खोली खाली होते" असं सांगतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

दावा उभा राहिल्यावर मात्र 'नियमित' हा शब्द कडक होतो. मुंबई भाडे कायद्यातल्या अशाच शब्दाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मृणालिनी शहा प्रकरणात सांगितलं की घड्याळाच्या काट्यावर नाही, पण महिन्याचं भाडं महिन्याला, वाजवी वक्तशीरपणे आलं पाहिजे. कोर्टात प्रकरण असताना चार महिने थांबून एकदम भरू म्हणणारा भाडेकरू स्वतःच्या हाताने संरक्षण गमावतो.

हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या शहरांना व क्षेत्रांना लागू आहे. त्याबाहेरच्या खेड्यात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. तिथे महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस पुरते. आपली खोली कशात मोडते हे आधी वकिलाला विचारा. फीची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जायचं. हा हक्क भाडेकरूलाही तेवढाच आहे, हे घरमालकांनी विसरू नये.

मग काकांनी काय करायचं? आम्ही आधी कागद मागितला. कागद नव्हताच. तोंडी ठरलेलं, रोख घेतलेलं, पावती नाही. इथेच खरी गोम आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच तारीख ठरली होती हे काका सिद्ध कशावरून करणार? उलट वर्षानुवर्षं मुकाट्याने पंचवीसला पैसे घेतले, म्हणजे तीच वहिवाट झाली, असं भाडेकरू म्हणू शकतो.

नवीन माणूस ठेवताना बहुतेक जण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतात, आणि उशिराच्या दुखण्यावर तोच खरा इलाज आहे. मुदत संपली की नूतनीकरण करायचं की नाही, हे घरमालकाच्या हातात राहतं. मुदतीनंतर राहायची खोली सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तोवरची भरपाई दुप्पट दराने मागता येते. करारात भाड्याची तारीख, कोणत्या खात्यात द्यायचं ते, आणि उशीर झाल्यास किती जादा, हे लिहा. जादा रक्कम वाजवी ठेवा. दिवसाला शंभर रुपये लिहिलेत तर कोर्ट ते तसंच मान्य करेल असं समजू नका. पण हे हत्यार भाडेकरूच्या बाजूने बोथट आहे, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. जुन्या भाडेकरूला असलेलं संरक्षण यात नसतं. म्हणून जुन्या माणसाला धाक दाखवून अशा कागदावर सही घेऊ नका.

आणखी एक गोष्ट अजिबात करू नका. भाडं आलं नाही म्हणून नळ बंद करणं, वीज तोडणं, खोलीला कुलूप लावणं. अत्यावश्यक सोयी तोडायला कलम २९ ने मनाई आहे. पैसे त्याच्याकडे अडकलेले असतात आणि गुन्हा आपल्यावर नोंदवला जातो.

आता त्या दोन मुलांबद्दल. आम्ही त्यांच्याशी बोललो. एकाचं भाडं भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेवर अवलंबून. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २०१६-१७ पासून आहे. महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजार, त्यातले निवासाचे १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार रुपये. तेही हप्त्याने खात्यात येतात, महिन्याच्या पाच तारखेला नाही. या योजनेला भाड्याने राहत असल्याचा पुरावा जोडावा लागतो. काकांनी करार करून दिला नव्हता, म्हणून मुलाचा अर्ज रखडला होता. म्हणजे काका ज्या पैशांची वाट पाहत होते, ते काकांच्याच कागदावाचून अडले होते!

विद्यार्थ्यांनीही एक शिस्त पाळावी. हप्ता लांबला तर पाच तारखेच्या आधी मालकाला सांगा, लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, आणि जमेल तेवढी रक्कम त्याच दिवशी द्या. रोख दिली तर पावती मागा. ती देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. मालक भाडं घ्यायलाच नकार देत असेल तर बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवा, म्हणजे 'द्यायला तयार होतो' याचा पुरावा राहतो. बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखं सांगितली, त्यांत ऋण नसण्याचं सुख आहे. खोलीत राहणाऱ्या मुलाला ते कसं असतं, हे मालक जिना चढून येतो तेव्हा कळतं.

दुसऱ्या खोलीतल्या कुटुंबाची अडचण साधी निघाली. घरधनी कंत्राटी कामावर, पगार पंधरा तारखेच्या पुढेच होतो. पाच तारीख त्याच्याकडून कधी पाळली जाणारच नव्हती. दोघांना समोरासमोर बसवलं. भाड्याची तारीख अठरा ठरली, मागची बाकी तीन हप्त्यांत द्यायची ठरली, आणि ते दोघांनी सह्या करून लिहून ठेवलं. पुढचा करार नोंदणी करून होणार आहे. काकांनी चिखलीहून पावतीपुस्तक आणलं, पहिली पावती त्या मुलांच्या नावाने फाडली.