पावसाला दोष देऊन थांबलेली चौकशी

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसांचा जीव गेला. रेल्वेच्या चौकशीने कारण सांगितले ते अचानक आलेला पाऊस आणि त्यामुळे साचलेली गर्दी. पूल पडल्याची अफवा उठली, असेही बोलले गेले. यातले काही खोटे असेल असे नाही. पण पाऊस, गर्दी आणि अफवा मुंबईला नव्या नाहीत. त्यांच्यावर बोट ठेवून पुढच्या अपघाताचा धोका तसूभरही कमी होत नाही. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात बिघाड झाला की पाच वेळा ‘का?’ विचारण्याची शिस्त ताइची ओनो यांनी रुजवली, ती यासाठीच.

तीच शिस्त इथे लावून पाहावी. माणसे चिरडली, कारण अरुंद जिन्यावर पाऊस ओसरण्याची वाट पाहणारे उभे होते आणि मागून दर गाडीगणिक माणसांची भर पडत होती. जिना अपुरा पडला, कारण स्थानकाभोवतीचे परळ बदलले होते. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या. जवळच्या चाळीतून चालत पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या जागी विरार-कल्याणहून लोकलने येणारा नोकरदार आला. गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागेला आणि परवडणाऱ्या घरांना देणारा १९९१चा नियम २००१च्या दुरुस्तीने फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि उरलेल्या जमिनीवर कार्यालये उभी राहिली. त्यांना परवानगी देणारी यंत्रणा वेगळी, स्थानक सांभाळणारी वेगळी. नव्या इमारतीमुळे स्थानकावर रोज किती माणसे वाढतील, हे विचारणे कोणाचेच काम नव्हते. माझ्या मते मूळ इथे आहे.

यावर कोणी म्हणेल, असे मागे जात राहिलो तर थेट इंग्रजांच्या काळापर्यंत पोचू. पोचू नये. आजचा एखादा अधिकारी वा मंत्री जो निर्णय बदलू शकतो, तिथे थांबावे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सगळा दोष व्यवस्थेचा ठरवला की दोषी माणसे सुटतात. हे भय खरे आहे, आणि शिक्षा व्हायलाच हवी. पण मार्च २०१९मध्ये सीएसएमटी स्थानकाजवळचा हिमालय पूल कोसळला, त्याआधीच्या तपासणी अहवालात तो किरकोळ दुरुस्तीपुरताच सदोष ठरला होता. तपासणी करणाऱ्याला अटक झाली. तसा अहवाल कोणीही पडताळून न पाहता कसा स्वीकारला जातो, हा प्रश्न त्या अटकेने सुटत नाही. शिक्षा त्या माणसाला होते, पण त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि कामाची रीत तीच राहते.

एल्फिन्स्टनला नवा पूल अपघाताआधीच मंजूर होता. अपघातानंतर लष्कराने तिथे पाच महिन्यांच्या आत पूल उभा केला. म्हणजे तंत्र आणि मनुष्यबळ देशात होते, घाई नव्हती. म्हणून अपघाताचा अहवाल आला की मृतांचा आकडा आणि निलंबितांची नावे वाचून तो मिटू नका. कोणता नियम बदलला, कोणी आणि कोणत्या तारखेपासून, हे आपल्या आमदाराला, नगरसेवकाला लेखी विचारा.