‘मॉरोविंड’ : वाट सांगणारी भाषा

बेथेस्डा या अमेरिकन संस्थेचा ‘मॉरोविंड’ हा अद्भुतसृष्टीवरील भूमिकाप्रधान संगणक-खेळ २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘ट्रायब्युनल’ व २००३ साली ‘ब्लडमून’ हे त्याचे दोन विस्तार-भाग निघाले. दोन दशकांनंतरही जुने खेळाडू त्याकडे परत वळतात. या ओढीचे एक कारण भाषिक आहे.

या खेळातील व्हार्डनफेल बेटावर गंतव्य दाखविणारा बाण नाही. वाट कळते ती पात्रांच्या सांगण्यावरून. नदीकाठाने जावे, पूल ओलांडावा, मग पूर्वेस वळावे, अशा धर्तीचे हे सांगणे असते. ‘डावीकडे’ या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो. वाक्य वाचून तो पुरता हाती येत नाही. प्रत्यक्ष भूमीवर पडताळूनच तो पूर्ण होतो. वाचनात चूक झाली की वाट चुकते.

संबोधनांचेही असेच आहे. परक्यास ‘आउटलँडर’ म्हटले जाते. आदरार्थी ‘सेरा’ आणि त्याहून वरचे ‘मुथसेरा’. पात्राची मर्जी शून्य ते शंभर अशा अंकांत मोजली जाते आणि तीनुसार बोलण्याचा सूर बदलतो. मराठीतील तू, तुम्ही, आपण या श्रेणीशी परिचित असलेल्या वाचकास यातील मर्म सहज उमगेल.

विस्तार-भागांत या पद्धतीची दोन निराळ्या भूमींवर कसोटी लागते. ‘ट्रायब्युनल’मधील मोर्नहोल्ड हे तटबंदीचे नगर आहे, तेथे विभागाचे नाव सांगितले तरी पुष्कळसे भागते. ‘ब्लडमून’मधील सोल्स्थाइम हे हिमाच्छादित बेट आहे. तेथे खुणा विरळ, म्हणून वर्णनावरील भार अधिक.

२००६ साली आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये संवाद ध्वनिमुद्रित झाले आणि होकायंत्रावर गंतव्याची खूण आली. प्रत्येक वाक्य मुद्रित करावयाचे म्हटल्यावर संवाद आटोपशीर होणे क्रमप्राप्त होते; आणि खूण दिसू लागल्यावर वाट सांगण्याचे प्रयोजनच उरले नाही.

‘स्कायरिम’च्या ‘ड्रॅगनबॉर्न’ या २०१२ च्या विस्तार-भागात खेळाडू पुन्हा सोल्स्थाइमलाच जातो. बेट तेच, परंतु तेथे वाट दाखविते ती खूण. पात्रे आता मोठ्याने बोलतात, इतिहास सांगतात, भावना व्यक्त करतात. मात्र त्यांचे बोलणे नीट न ऐकताही इच्छित स्थळी पोहोचता येते. ‘मॉरोविंड’मध्ये ती सोय नव्हती, आणि म्हणूनच तेथील शब्दाला वजन होते.