वाफेबरोबर जाणारी उष्णता

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बालाघाटाच्या या कमी पावसाच्या पठारावर शेतीला दुधाचा आधार असतो आणि नासणारे दूध आटवून ठेवण्याची रीत इथे धंदा झाली. हे आटवणे म्हणजे रसायनशास्त्रच. रसायनशास्त्र म्हटले की आपल्याला परीक्षानळ्या आणि सूत्रे आठवतात. पण पदार्थ बदलताना उष्णता किती लागते, तो बदल कुठपर्यंत जातो आणि किती वेगाने होतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे करून विचारणारी त्याची एक शाखा आहे: भौतिक रसायनशास्त्र. 1887 साली ओस्टवाल्ड आणि व्हान्ट हॉफ या रसायनशास्त्रज्ञांनी या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक काढले. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की इंधनही वाया जाते आणि मालही बिघडतो, हे खव्याच्या कढईत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

पहिला प्रश्न उष्णतेचा. दहा लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण दोन किलो खवा होतो, म्हणजे आठ किलोच्या आसपास पाणी उडवावे लागते. दूध उकळीपर्यंत तापवायला सुमारे तीन हजार किलोज्यूल पुरतात. पण एक किलो पाण्याची वाफ करायलाच जवळपास 2,260 किलोज्यूल लागतात, म्हणजे आठ किलोंना अठरा हजार. उकळी येईपर्यंतच्या खर्चाच्या सहापट खर्च उकळी आल्यानंतर होतो. या काळात तापमापीचा पारा मात्र फारसा हलत नाही, कारण उकळत्या द्रवाची वाफ आणि बाहेरची हवा यांचा दाब सारखा झालेला असतो. जाळ वाढवला तर दूध जास्त तापत नाही, ते फक्त लवकर आटते. बदल कुठपर्यंत जातो या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: समतोल म्हणतात तो हाच. हवेचा दाब कमी असलेल्या पठारावर हा समतोल शंभर अंशांच्या थोडा खालीच साधतो.

मग शेवटी जाळ कमी का करतात? इथे तिसरा प्रश्न येतो, वेगाचा. पाणी सरत आले की दूध घट्ट होते, कढईत ते वरखाली फिरत नाही आणि बुडाचा थर शंभर अंशांच्या वर जातो. तिथे दुधातली साखर आणि प्रथिने यांची क्रिया होऊन रंग आणि खरपूस वास येतो. 1912 साली मेयार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. तापमानाबरोबर क्रियेचा वेग झपाट्याने वाढतो, याचा नियम आरेनियस या शास्त्रज्ञाने 1889 मध्ये मांडला होता. थोडे जास्त तापले की खमंग खवा करपतो, म्हणूनच बूड सतत खरवडत राहावे लागते.

यावर कुणी म्हणेल की नियम माहीत नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या उत्तम खवा होतच आला आहे. हे खरेच आहे आणि त्या हातांचे कसब कोणत्याही समीकरणाने भरून निघणार नाही. पण कसब ओळखीच्या भट्टीपुरते असते. लाकडाऐवजी वाफ किंवा सौरऊर्जा आली की जुने अंदाज जसेच्या तसे लागू पडत नाहीत. निर्वात यंत्राचेच पाहा. कमी दाबाखाली दूध साठ अंशांना उकळते, तेव्हा इंधन वाचेल असे वाटते. प्रत्यक्षात त्या तापमानाला प्रत्येक किलो पाण्यामागे उष्णता किंचित जास्तच लागते आणि खव्याला तो रंग आणि वासही येत नाही. दूधभुकटीच्या कारखान्यांत बचत होते ती दुसऱ्या मार्गाने: एका पात्रातून निघालेल्या वाफेने पुढच्या, कमी दाबाच्या पात्रातले दूध आटवतात. उघड्या कढईवर तीच वाफ हवेत जाते. भूममध्ये खव्याचे इंधन कमी करायचे असेल तर बहुतेक पाणी अशा वाफेवर उडवून घ्यावे आणि शेवटचा टप्पा तेवढा कढईत, जाणत्या हाताखाली ठेवावा.