ठिगळ लावा, पण नोंद ठेवा



आमच्या वागळे इस्टेटमधल्या शाळेत बरेच पालक जवळच्या कारखान्यांत नाहीतर आयटी कंपन्यांत कामाला आहेत. पालकसभेनंतर एका बाबांना विचारलं, "तुम्ही नेमकं काय काम करता हो?" ते हसून म्हणाले, "बाई, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरला ठिगळं लावतो!" त्यातून जे समजलं ते सोप्या शब्दांत मांडते.

ज्याचा कोड कुणीही वाचू आणि बदलू शकतं, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. अनेक सॉफ्टवेअरना लागणारं एखादं काम करून देणारा तयार कोड म्हणजे लायब्ररी. डेबियन, फेडोरा ही लिनक्सची वितरणं असे हजारो कोड गोळा करून आपल्यापर्यंत पोचवतात. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवरच उभी आहे. पोचवताना वितरण आपल्यापुरता जो बदल करतं, तो पॅच, म्हणजे ठिगळ.

ठिगळ का लागतं? आपल्या देवनागरीचंच बघा. फायरफॉक्स १.५ च्या काळात मूळ लिनक्स आवृत्तीत पहिली वेलांटी भलत्याच जागी दिसायची. अक्षरं नीट जुळवणारी 'पँगो' ही लायब्ररी होती. फेडोराने ती वापरण्यासाठी आपल्या फायरफॉक्सला ठिगळं लावली. पुढे २००८ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ३ मध्ये मूळ प्रकल्पानेच पँगो वापरली. चांगल्या ठिगळाचा शेवट असाच व्हावा: बदल मुळात जावा आणि ठिगळाची गरजच संपावी.

आता उलटं उदाहरण. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरची गुप्त किल्ली बनवणारी लायब्ररी. एक तपासणी साधन तिच्याबद्दल सारखा इशारा देत होतं, म्हणून २००६ मध्ये डेबियनने दोन ओळी बंद केल्या. त्याआधी मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारलंही होतं, पण बदल मूळ कोडमध्ये कधी गेला नाही. त्यातली एक ओळ किल्लीत यादृच्छिकपणा मिसळणारी होती! परिणामी, एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या जेमतेम ३२,७६८ वेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या. संगणकाला एवढ्या किल्ल्या लावून बघायला कितीसा वेळ? चूक उघड झाली १३ मे २००८ ला. तोवर ती उबुंटूतही पोचली होती. लोकांना किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या. हेतू चांगला होता बरं का, पण दुरुस्ती नीट तपासली गेली नाही.

म्हणून ठिगळाची निगा राखावी लागते. डेबियनमध्ये आज प्रत्येक ठिगळाची वेगळी फाईल ठेवतात. बदल काय, कुठून आला, मूळ प्रकल्पाला कळवला का, हे तिच्या डोक्यावर लिहिण्याची पद्धत आहे. मूळ लायब्ररीची नवी आवृत्ती आली की एकेक ठिगळ पुन्हा लावून बघायचं. बसत नसेल तर नव्याने बेतायचं, मुळात सामावलं असेल तर काढून टाकायचं.

वर्गात करून बघा: एका मुलाला छोटा उतारा द्या. त्याने एक शब्द 'सुधारून' पुढच्याला द्यायचा, पुढच्याने त्यावरून उतरवायचं आणि आणखी एक शब्द सुधारायचा. पाचव्या मुलाची वही मूळ उताऱ्याशी ताडून बघा. मग हाच खेळ प्रत्येक बदलाची नोंद ठेवून खेळा. चूक कुठे शिरली, हे दुसऱ्या वेळी मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतील.