चाळिशीचं वय आणि उन्हाचं वय

बाही वर सारा आणि दंडाची आतली, काखेजवळची कातडी उजेडात नीट पाहा. मग त्याच हाताचा तळवा खाली करून हाताची पाठ पाहा. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाचा दंड आतून थोडा सैल आणि थोडा पातळ झालेला दिसेल, पण रंग एकसारखा आणि पोत मऊच. हाताच्या पाठीवर मात्र बारीक रेघांची जाळी, तपकिरी ठिपके, खरखर. दोन्ही कातड्या एकाच दिवशी जन्माला आल्या, एकाच ताटातलं खाऊन वाढल्या. एकीनं ऊन पाहिलं, दुसरीनं नाही.

त्वचातज्ज्ञ म्हाताऱ्या होणाऱ्या कातडीचे दोन हिशेब वेगळे ठेवतात. एक वयाचा आणि संप्रेरकांचा, त्यात आपल्या हातात फारसं काही नाही. दुसरा बाहेरच्या माऱ्याचा. अमेरिकी त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1969 सालीच दाखवून दिलं होतं, की ऊन चेहऱ्याची नासधूस फार लवकर सुरू करतं. सुरकुती दिसते ती बरीच उशिरा. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं प्रयोग केले, हेही त्यांच्या नावापुढे लिहायलाच हवं.)

यात मुख्य आरोपी यूव्हीए किरण. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे 95 टक्के वाटा त्यांचा. कातडी भाजून लाल होते ती मुख्यतः यूव्हीबीमुळे. यूव्हीए भाजत नाहीत, म्हणून जाणवत नाहीत. पण ते खोलवर, कोलॅजेनच्या थरापर्यंत जातात. साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए पुष्कळसे आत सोडते. 2012 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं माल पोचवण्याचं काम. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल सुरकुत्यांची; उजवी बाजू तिच्यापुढे कितीतरी तरुण. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून उजवा गाल आणि उजवा हात. समोरची काच दुपदरी असल्यामुळे ती बहुतेक यूव्हीए अडवते. बाजूच्या काचेचा तसा भरवसा नाही. ऑफिसात खिडकीला लागून टेबल मिळावं म्हणून भांडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

आत काय घडतं, ते मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 1996 साली उलगडलं. अतिनील किरण पडले की पेशी कोलॅजेन कापणारी विकरं सोडतात, आणि त्याला कातडी लाल होण्याइतकंही ऊन लागत नाही, त्याहून कितीतरी कमी पुरतं. कापलेलं कोलॅजेन पुन्हा रचलं जातं, पण दर वेळी थोडी कसर राहून जाते. म्हणून माथेरानच्या दोन दिवसांच्या सहलीपेक्षा भाजी आणायला, मुलांना सोडायला, गच्चीवर वाळवण घालायला जाताना रोज लागणारी दहा-पंधरा मिनिटं हिशेबात जास्त भरतात. आपल्याला मात्र सहलीपुरतंच सनस्क्रीन आठवतं.

ते रोज लावलं तर खरंच फरक पडतो का? याचं सर्वांत चांगलं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या नांबूर या गावानं दिलं. 1992 पासून साडेचार वर्षं काहींना चेहरा, मान, हात यांवर रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांनी आपल्या मर्जीनं. मग पंचावन्नच्या आतल्या 903 जणांच्या हाताच्या पाठीचे सिलिकोनचे ठसे तपासले. रोज लावणाऱ्यांच्या कातडीवरच्या म्हातारपणाच्या खुणा दुसऱ्या गटापेक्षा 24 टक्के कमी निघाल्या. तेही एसपीएफ 15 च्या साध्या सनस्क्रीननं. याच लोकांपैकी काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा काही उपयोग दिसला नाही. गोळ्या आणि पावडरींच्या जाहिराती वाचताना हे आठवावं.

पण ही माणसं गोरी होती. आपल्या कातडीचं गणित वेगळं आहे आणि आपल्याकडचे सौंदर्य-सल्ले बहुतेक त्यांच्या गणितावर बेतलेले असतात. भरपूर मेलॅनिन ही मोठी सोय आहे. सावळ्या माणसाला सुरकुत्या बऱ्याच उशिरा पडतात. मात्र चाळिशीत आपल्याकडे येतो तो वांग, ओठाभोवतीचा आणि कपाळाकडेचा काळपटपणा, डोळ्यांखालची वर्तुळं. म्हातारपण आपल्याकडे आधी रंगातून बोलतं, मग रेघांतून. सावळ्या कातडीवर हा रंग चढवायला नुसता दिसणारा प्रकाशही पुरतो, आणि तो साध्या सनस्क्रीनमधून आरपार जातो. म्हणून वांग असलेल्यांना त्वचातज्ज्ञ हल्ली त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन देतात.

पुण्यात दुचाकीवरच्या बायका डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात गुंडाळतात, त्याची टिंगल खूप झाली. विज्ञानाच्या बाजूनं पाहिलं तर ती रीत उत्तम आहे. फक्त कापड पाहा. पातळ पांढरा सुती कपडा डोळ्यांसमोर धरला आणि पलीकडचा दिवा दिसला, तर त्यातून किरणही येतात. घामानं ओला झाला की आणखी येतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ, सनकोट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे हे महागड्या ट्यूबपेक्षा भरवशाचे. उघडं राहतं ते डोळ्यांभोवतीचं, जिथली कातडी मुळात सर्वांत नाजूक. तिथे गॉगल. आणि पुरुषांनो, टक्कल हीसुद्धा कातडीच आहे.

सनस्क्रीनच्या बाटलीवरचा आकडा दर चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही, म्हणजे 50 चे पैसे मोजून बरंच कमी संरक्षण घेतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांबीभर पट्टी काढा. ते चेहरा आणि मानेसाठी पुरेसं. बाटलीवर एसपीएफच्या शेजारी ‘पीए’ आणि पुढे अधिक चिन्हं असतील, तर ती यूव्हीएची मोजणी. यूव्हीएबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर आकडा कितीही मोठा असो, निम्मी गोष्ट सांगितलेली नाही.

बायकांच्या बाबतीत या वयात आणखी एक गोष्ट घडते. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. इस्ट्रोजेन घटलं की त्यानंतरच्या पहिल्या पाचेक वर्षांत त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलॅजेन जातं, तेलकटपणाही आटतो. ‘अचानक चेहरा उतरला’ म्हणतात तो हा काळ. तरी आंघोळ मात्र पंचविशीतलीच चालू असते: कढत पाणी, भरपूर फेस, घासणी. त्वचेची आम्लता पीएच 5 च्या आसपास. साध्या साबणाची वडी 9 ते 10. वज्री टाचेसाठी ठीक आहे, हातापायांना नको. कोमट पाणी, साबण काखा-जांघा-पावलांपुरता, आणि अंग पुरतं कोरडं होण्याआधी मॉइश्चरायझर किंवा खोबरेल. फिलिपिन्समध्ये 2004 साली कोरड्या त्वचेवर खोबरेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली, दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. ऑलिव्ह तेलानं उलट मोठ्यांच्या त्वचेचा वरचा थर बिघडतो, असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या आज्यांना हे महाग तेल मिळालं नाही, ते बरंच झालं.

धुराबद्दल थोडक्यात. सिगारेट ओढणाऱ्याचा चेहरा पाहून डॉक्टर सवय ओळखतात, यावर 1985 पासून लिहिलं जातंय. वाहनांच्या काजळीचा गालावरच्या डागांशी संबंध जर्मनीतल्या अभ्यासात आढळला, आणि लाकूड-कोळशावर रांधणाऱ्या चिनी बायकांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या जास्त दिसल्या. चूल अजून पेटते अशा घरांत हा प्रश्न फुफ्फुसांइतकाच चेहऱ्याचाही आहे.

साखरेचं पाहू. पाव भाजताना जो तपकिरी रंग चढतो, ती साखर आणि प्रथिनांची अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई मायार यांनी 1912 मध्ये मांडली. तीच शरीरात मंद गतीनं चालते. त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला पंधराएक वर्षं लागतात, तेवढ्या काळात रक्तातली जादा साखर त्याच्या धाग्यांना एकमेकांत चिकटवून ताठर करते. पण त्याच्याही आधी एक खूण दिसते, आणि तिच्यावर घरोघरी चुकीचा इलाज होतो. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमली होते. ती मळ समजून घासली जाते, लिंबू चोळलं जातं. ती बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तिथे साबण बदलण्याऐवजी एचबीए1सी ही रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्यावी.

आता ज्या सवयीनं आपल्याकडे सर्वांत जास्त चेहरे बिघडतात, ती. वांग दिसला की मैत्रीण, पार्लरवाली किंवा औषधाच्या दुकानातला मुलगा एक ट्यूब सुचवतो. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असतात. यातलं ट्रेटिनॉइन खरोखर कामाचं. उन्हानं बिघडलेली त्वचा त्यानं सुधारते हे 1988 साली मिशिगनमधल्या चाचणीत दिसलं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे ही तिकडी वापरायलाही हरकत नसते. पण पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, आणि ट्यूब मग वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. स्टेरॉइडनं कोलॅजेन तयार होणं मंदावतं. कातडी इतकी पातळ होते की लाल केशवाहिन्या दिसू लागतात, गालावर लव आणि पुटकुळ्या येतात, चेहरा उन्हात आणि गॅसपुढे जळजळतो. बंद केलं की आग आग होते आणि वांग आधीपेक्षा गडद होऊन परततो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर निळसर-काळा डाग पडतो, तो घालवणं भल्याभल्या तज्ज्ञांना कठीण जातं. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशा 14 स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. काउंटरवर मात्र ती क्वचितच मागितली जाते.

असं काही लावत असाल तर ते एका दिवसात बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञ ते टप्प्याटप्प्यानं उतरवतात. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब, अगदी पिळून संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. ‘ती गुलाबी झाकणाची’ एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही.