प्लाझ्मा प्रकाशिकी

अतितीव्र लेसर प्रकाश परावर्तित करणे, वळवणे, एकवटणे किंवा स्वच्छ करणे यांसाठी काचेऐवजी प्लाझ्माचा (आयनद्रायूचा) वापर करण्याच्या शास्त्राला प्लाझ्मा प्रकाशिकी म्हणतात. भारतात या विषयाशी निगडित प्रायोगिक संशोधन प्रामुख्याने मुंबईतील कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले आहे.

पार्श्वभूमी

१९८५ साली डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी लेसर स्पंद आधी काळात ताणून, मग त्याचे प्रवर्धन करून, शेवटी पुन्हा दाबण्याची पद्धत मांडली. या कार्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या पद्धतीमुळे लेसरची शक्ती प्रचंड वाढली, परंतु शेवटचा दाबलेला स्पंद ज्या आरशांवर आणि जालकांवर पडतो ते टिकवणे ही नवी अडचण उभी राहिली. किरण रुंद करून त्याची तीव्रता कमी ठेवावी लागते, म्हणून मोठ्या लेसरांचे प्रकाशीय घटक अवाढव्य आणि महाग असतात. प्लाझ्माचे अणू मुळातच फुटलेले असल्याने त्याला अशी इजा होण्याचा प्रश्न येत नाही.

कार्यतत्त्व

प्लाझ्माचा अपवर्तनांक त्यातील इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असतो आणि तो एकापेक्षा कमी असतो. घनता एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की प्रकाश आत शिरू शकत नाही, तो परततो. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी ही क्रांतिक घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.७ गुणिले १० चा २१ वा घात इतके इलेक्ट्रॉन एवढी आहे. त्यामुळे घनतेची रचना हवी तशी घडवली, तर तीच आरसा, भिंग, नळी किंवा जालक यांचे काम करते. दोन लेसर किरण एकमेकांना छेदतात तेव्हा त्यांच्या व्यतिकरणातून प्लाझ्मात घनतेचे थर तयार होतात आणि एका किरणाची ऊर्जा दुसऱ्याकडे वळवता येते. अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत या मार्गाने अनेक किरणांची ऊर्जा एका किरणात आणल्याचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्लाझ्मा आरसा

या शाखेतील सर्वाधिक रुळलेले साधन म्हणजे प्लाझ्मा आरसा. मुख्य स्पंदापूर्वी थोडा दुर्बल प्रकाश नेहमीच येतो. तो दुर्बल म्हटला तरी लक्ष्याचा पृष्ठभाग आधीच वितळवण्यास पुरेसा असतो. प्लाझ्मा आरशात हा पूर्वप्रकाश परावर्तनरोधक लेप दिलेल्या काचेतून निघून जातो. मुख्य स्पंदाची चढती कड काचेचा पृष्ठभाग आयनित करते आणि उरलेला स्पंद त्यावरून परततो. हा आरसा क्षणभंगुर असतो. प्लाझ्मा सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने पसरतो असे धरल्यास एका पिकोसेकंदात (सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) तो ०.१ मायक्रोमीटर पुढे सरकतो, म्हणून सपाटपणा टिकण्याचा अवधी अत्यल्प असतो. प्रत्येक प्रहारासाठी काचेवरील नवी जागा समोर आणावी लागते.

मुंबईतील संशोधन

टाटा संस्थेतील जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने रचना आधीच घनपृष्ठावर घडवण्याचा मार्गही अवलंबला. तांब्याच्या नॅनोकणांचा थर दिलेल्या पृष्ठभागातून सपाट पृष्ठापेक्षा अधिक तीव्र क्ष-किरण मिळतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. २०१२ मध्ये एका दिशेने उभ्या असलेल्या कार्बन नॅनोनलिकांच्या रचनेतून मेगाअँपिअर इतका इलेक्ट्रॉन प्रवाह दूरवर वाहून नेता येतो असे दाखवण्यात आले. त्याच संस्थेतील दुसऱ्या प्रयोगात ई. कोलाय जिवाणूंचा थर लक्ष्यावर पसरला गेला आणि बाहेर पडणाऱ्या आयनांची ऊर्जा वाढली (२०१४). जिवाणू हे आयते, एकसारख्या आकाराचे सूक्ष्मकण असल्याने ही कल्पना वाटते तितकी विचित्र नाही.

अशा प्रयोगांत पूर्वप्रकाशाचा प्रश्न कळीचा ठरतो. मुख्य स्पंद पोहोचण्याआधीच नॅनोरचना विरघळली, तर पृष्ठभाग सपाट असल्यासारखाच निकाल मिळतो.

याच गटाने लेसर-प्लाझ्मातील मेगागॉस पातळीचे, अल्पजीवी चुंबकीय क्षेत्र गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने २००२ मध्ये मोजले. रवींद्र कुमार यांना २००३ चा शांतीस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१५ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.